शिडाच्या होडीला भोक नव्हतं

"बाय, हात आत घाल आणि सांग, नळी मऊ लागते की कडक?" मामाने वरून विचारलं.

मी बोटीच्या पोटात, इंजिन आणि फळ्या यांच्यामधल्या सांदीत कुशीवर पडले होते. वर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. डिझेल, साचलेलं पाणी आणि जुनी मासळी यांचा मिळून एक जड वास नाकात भरला होता. हात कोपरापर्यंत इंजिनामागे गेला आणि बोटांना नळी लागली. मऊ की कडक? मला सांगता येईना. नवी नळी कशी लागते तेच माहीत नव्हतं, तर जुनी बिघडली आहे हे कशावरून ओळखायचं?

"रबरासारखी लागते," मी म्हटलं.

वर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मी नालासोपारा पश्चिमेला, चक्रेश्वर तळ्यापासून पाच मिनिटांवर राहते. गोरेगावला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. आजोळ अर्नाळ्याचं, पण बोटीशी माझा संबंध नारळी पौर्णिमेला वर चढून नमस्कार करण्यापुरताच. मामाची बोट डोल जाळ्याची. लाकडी, ४२ फुटी, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. माझ्या लग्नाच्या वर्षी ती पहिल्यांदा पाण्यात गेली, आणि आता माझा मुलगा अकरावीला आहे.

मे २०२४ मध्ये हंगामाच्या अगदी शेवटच्या फेरीला ती पाणी घेऊन परतली. समुद्राचं पाणी इंजिनाकडे ओढून आणणारी नळी, खाली जिथे ती पितळी कॉकवर बसवलेली असते, तिथे क्लिपच्या काठावर फाटली होती. खलाशी कॉक बंद करायला गेले तर तो वर्षानुवर्षं उघडाच राहून जाम झालेला. एका खलाशाने गमछा गुंडाळून दोन्ही हातांनी ती जागा दाबून धरली, दुसऱ्याने ट्यूबची पट्टी कापून त्यावर आवळून बांधली, आणि बाकीचे दोघे बंदर येईपर्यंत पाणी उपसत राहिले. मामाने हे सगळं घरी चार वाक्यांत सांगितलं. मामीने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या रात्री तो जेवला नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हे ६१ दिवस बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या आणि वर्षभराची डागडुजी उरकायची. पण जूनच्या पहिल्याच आठवड्यात मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. त्याचा मुलगा आखातात जहाजावर. खलाशी आपापल्या गावी गेलेले. मिस्त्रींच्या हातात किनाऱ्यावरची निम्मी इंजिनं. ते म्हणाले, "इंजिनाचं मी बघतो. नळ्या मात्र घरच्यांनी काढून ठेवा, नव्या आणून ठेवा, मी येऊन तपासतो." मामाने मामीकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे. माझा हात बारीक आहे, इंजिनामागे जातो, एवढीच माझी पात्रता होती.

पुढचे सहा आठवडे दर शनिवार-रविवारी मी स्कूटरवरून निर्मळ, नंदाखाल, आगाशी करत अर्नाळ्याला जात राहिले. जुलैत एक दिवस रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडल्या, तो दिवसही मी बोटीतच काढला.

पहिल्या दिवशी मला एक साधा प्रश्न पडला होता. बोट पाण्यावर तरंगते ती आत पाणी येत नाही म्हणून. मग तिच्या तळाला मुद्दाम भोक का पाडायचं?

मामा खुर्ची टाकून ताडपत्रीखाली बसला होता. डोळ्यावर काळा चष्मा. तो म्हणाला, "शिडाच्या होडीला भोक नव्हतं. माझ्या बापाच्या होडीला डोलकाठी होती, शीड होतं, वल्ही होती. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं, त्यात कापूस ठोकायचा, वरून लुकण भरायचं, झालं. इंजिन आलं आणि भोकं आली. एक पंख्याच्या दांड्याला. एक पाणी घ्यायला."

हे मला घरी जातानाही डोक्यातून जाईना. माझ्या घराजवळ बुरूड राजाचा कोट आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं आणि बौद्ध स्तूप निघाला. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. शूर्पारक म्हणजे हेच बंदर, ते ग्रीक दर्यावर्दींनाही ठाऊक होतं. शाळेत असल्यापासून हे मी ऐकत आले, पण त्या बंदरात लागणाऱ्या जहाजांचा तळ कसा असेल याचा विचार कधी केला नव्हता. शिडावर चालणाऱ्या जहाजाला पाण्याखाली भोक पाडायचं कारणच नव्हतं. इंजिन तापतं, ते थंड करायला समुद्र आत घ्यावा लागतो. म्हणून दोन इंच जाडीच्या सागवानी फळीत आपणच भोक पाडतो आणि मग आपल्यात आणि समुद्रात उरतं ते पाच मिलिमीटर रबर.

आजच्या शिडाच्या बोटींनाही यातून सुटका नाही. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० ला मुंबईलाच परतले. अशा लांबच्या प्रवासाच्या शिडाच्या बोटींवरही बंदरात शिरायला आणि बॅटऱ्या चार्ज करायला डिझेल इंजिन असतं, शिवाय बेसिन आणि संडास. प्रत्येकाला आपापली नळी, आपापलं भोक. समुद्राच्या मध्यावर, मदतीला कुणी नसताना, अशी एक नळी फाटली तर? गमछा दाबून धरणारे हात दोनच.

मुलाला मी विचारलं, एक इंची भोकातून किती पाणी आत येईल? त्याने वहीत गणित मांडलं. भोक पाण्याच्या रेषेखाली अर्धा मीटर असेल तर पाणी सेकंदाला तीन मीटरहून जास्त वेगाने आत घुसतं. भोकाच्या कडांमुळे धार आवळते ते वजा केलं तरी मिनिटाला साधारण ६० लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात १० हजार लिटरचा टँकर येतो. तो सगळा टँकर तीन तासांच्या आत बोटीत रिता होईल. मुलाने वही माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाला, "आजोबा किती तास लांब होते?" मी उत्तर दिलं नाही.

कामाला सुरुवात मोजणीपासून झाली. मामाच्या मते नळ्या सात. मी खडू घेऊन एकेकीवर आकडा घालत गेले, तर अकरा निघाल्या. समुद्राच्या पाण्याच्या चार: तळच्या कॉकपासून गाळणीपर्यंत, गाळणीपासून पंपापर्यंत, पंपापासून कूलरपर्यंत आणि कूलरमधून बोटीच्या कुशीतून बाहेर. इंजिनात फिरणाऱ्या गोड्या पाण्याच्या तीन. डिझेलच्या दोन, एक टाकीतून इंजिनाकडे जाणारी आणि एक उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी. बोटीच्या पोटात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या दोन. धूर मात्र लोखंडी पाइपाने सरळ वर जातो, त्याला नळी नाही. मला वाटलं होतं की नळी म्हणजे नळी. मिस्त्रींनी पहिल्या रविवारी येऊन माझा खडूचा हिशेब पाहिला आणि म्हणाले, "या अकरांच्या चार जाती आहेत, ताई. एकीचं काम दुसरीला जमत नाही." त्यांचं म्हणणं पटायला मला महिना लागला.

मऊ-कडकचा धडाही त्यांनीच दिला. नळी नुसती दाबून कळत नाही. तिला वाकवायची आणि वाकाच्या बाहेरच्या बाजूला नखाएवढ्या भेगा दिसतात का ते बघायचं. दाबल्यावर आत कुरकुर झाली तर समजायचं की आतला थर सुटला. फुगीर जागा हाताला लागली तर आतलं कापड कुजलंय. तेल लागून लागून बुळबुळीत मऊ झाली असेल तर तीही गेली. आणि सगळ्यात आधी बघायचं क्लिपच्या खाली आणि क्लिपच्या काठावर, कारण पट्टीची धार रबरात रुतते ती तिथेच.

रबर कडक का होतं, ते मी एका रात्री वाचत बसले. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत ठिसूळ. त्यात गंधक मिसळून तापवलं की ते टिकाऊ आणि लवचीक होतं, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरच्या हाती लागलं. आतल्या लांब साखळ्यांना गंधक जागोजागी टाके घालतं. पण नळी इंजिनाला लागून वर्षानुवर्षं तापत राहते, हवेतला ऑक्सिजन तिच्यात शिरतो, आणि न मागितलेले आणखी टाके पडत जातात. शेवटी टाके इतके होतात की कापड वळतच नाही. मला स्वयंपाकघरातलीच गोष्ट आठवली. मंद आचेवर विसरलेली भाकरी. वरून बघितलं तर करपलेली दिसत नाही, हाताने मोडायला गेलं की कळतं.

काढण्याचं काम मला सगळ्यात कठीण वाटलं होतं, आणि होतंही. क्लिपांचे स्क्रू गंजून गोल झालेले. पेचकस फिरला की फक्त गंजाची पूड पडायची. क्लिप कापायच्या पक्कडीने एकेक तोडावी लागली. त्यानंतर नळी ओढली, पिळली, पाय टेकवून पुन्हा ओढली. ती हलेना. ज्या तोटीवर ती बसवली होती तिला चिकटूनच गेली होती. मी मोठा पेचकस मध्ये घालून उचकटायला लागले तसा मामा खुर्चीतून जवळजवळ उठलाच. "नको! तोटी पितळेची आहे. तिला चरा पडला की नवी नळीही गळेल. नळी मरायचीच आहे, तिला उभी चीर."

धारदार पात्याने लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, दोन-तीन वेळा तीच रेघ ओढत मी ती चिरली. मग दोन्ही अंगठे घालून उघडली. ती तळच्या कॉकवरची नळी होती. मे महिन्यात फाटलेल्या टोकाला अजून ट्यूबची पट्टी होती.

ती मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. बाहेरून ती ठीकठाक होती, काळी, जराशी मळकी. आतून मात्र थर सुटून पापडासारखे वर आले होते. मधून जाणारी लोखंडी तार जागोजागी संपलेली, तिच्या जागी फक्त तपकिरी रेघ. नळी कापली त्या टोकातून खारं पाणी तारेत शिरतं आणि तारेच्या वाटेने आत आत जातं, असं मिस्त्री नंतर म्हणाले. एका जागी बारीक शिंपल्या बसल्या होत्या, मोहरीएवढ्या, पांढऱ्या. इंजिनाकडे जाणारी निम्मी वाट त्यांनीच अडवलेली. सुटलेला थर ओल्या पानासारखा प्रवाहात हलत असणार, आणि कधीतरी तुटून पंपात गेला असता. मी ती मामाच्या मांडीवर ठेवली. त्याने डोळ्यांनी पाहण्याऐवजी अंगठा आतून फिरवला. "ही घेऊन मी दोन वर्षं बाहेर जात होतो," तो म्हणाला.

नवी नळी आणणं हे मला सोपं वाटलं होतं. दुकानात जायचं, माप सांगायचं. मी शिवणाच्या टेपने जुन्या नळीची बाहेरची जाडी मोजली आणि तेवढ्या मापाची नळी घरी आणली. ती तोटीवर बांगडीसारखी फिरू लागली. नळीचं माप आतून धरतात, तोटीच्या बाहेरच्या व्यासाशी जुळेल असं. दुकानदाराने ती बदलून दिली, पण मी त्याला एवढंच सांगितलं होतं की पाण्याची नळी हवी. त्याने पाण्याची नळी दिली. हिरवी, कापडी विणीची, छान लवचीक. चूक त्याची नव्हती.

ती चूक दोन आठवड्यांनी बाहेर पडली. मिस्त्रींनी पंप आणि कूलर साफ करून बसवले होते. बोट किनाऱ्यावरच असल्यामुळे पाण्याने भरलेला २०० लिटरचा पिंप बाजूला ठेवला आणि ओढणाऱ्या नळीचं खालचं टोक त्यात सोडलं. इंजिन चालू झालं. कुशीतल्या तोंडातून पाण्याची धार बाहेर पडली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही. मिस्त्रींनी वेग वाढवला. धार बारीक झाली. आणखी वाढवला, ती थांबलीच. पिंपात पाणी होतं. मी खाली पाहिलं तर माझी हिरवी नळी मधोमध चपटी झाली होती, कुणी पायाखाली दाबल्यासारखी. इंजिनाचा काटा वर चढायला लागला आणि मिस्त्रींनी चावी बंद केली.

"ताई, घरातल्या नळीत पाणी बाहेर यायला बघतं," ते म्हणाले. "टँकरची नळी बघा, पाणी सोडलं की फुगते. इथे पंप ओढतोय. ओढणाऱ्या नळीला आतून आधार लागतो, नाहीतर तिचे गाल बसतात."

एवढ्या वर्षांत आमच्या इमारतीखाली टँकरची नळी फुगताना मी शेकडो वेळा पाहिली असेल. नळी आतल्या बाजूला मिटू शकते हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. पंपाच्या अलीकडच्या दोन नळ्या तारेच्या हव्यात आणि पलीकडच्या कापडी थराच्या चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. तीच चूक समुद्रात झाली असती तर इंजिन तापून बंद पडलं असतं, आणि त्याचं कारण मी असते. ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या शनिवारी मी नागदेवी स्ट्रीटला गेले. नालासोपाऱ्याहून दादर, दादरहून मध्य रेल्वेने मस्जिद, आणि मग हातगाड्यांतून वाट काढत. त्या गल्लीत दुकानाबाहेर नळ्यांची वेटोळी माणसाच्या उंचीएवढी रचलेली असतात. या वेळी मी जुन्या नळ्यांचे चिरलेले तुकडे पिशवीत घालून नेले होते, प्रत्येकावर खडूचा आकडा आणि कागदावर आतलं माप. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी एकेक तुकडा हातात घेऊन नुसतं विचारलं, "पाणी खारं का गोडं? गरम का गार? ओढायचं का ढकलायचं?" हे तीन प्रश्न मला जूनच्या पहिल्या दिवशी कुणी विचारले असते तर माझे चार आठवडे वाचले असते.

डिझेलच्या नळीला हे तीन प्रश्न पुरले नाहीत. बोटीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी होती, पिवळी पडून काचेसारखी कडक झालेली. डिझेलमध्ये साधं रबर फुगतं आणि साधं प्लॅस्टिक ताठरतं. तिथे तेलाला न बधणारं नायट्राइल रबर लागतं. मी प्रत्येक नळी हातभर जास्तच घेतली. मिस्त्रींनी बजावलं होतं की आखूड नळी वळणावर मुरडते, आणि मुरड पडलेली नळी म्हणजे अर्धी बंद नळी.

क्लिपांसाठी मी घरच्या फ्रिजवरचं लोहचुंबक नेलं होतं. हे मामाने शिकवलं. "पट्टी चकचकीत असते, स्क्रू फसवतो." खरंच, पहिल्या डब्यातल्या क्लिपांची पट्टी स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला दाद न देणारी, पण स्क्रूवर चुंबक टक्कन बसलं. साधा मुलामा दिलेला स्क्रू खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत झिजतो आणि चांगली पट्टी सैल पडते. तिसऱ्या डब्यातल्या क्लिपांवर चुंबक कुठेच चिकटलं नाही. त्या महाग होत्या. मी चोवीस घेतल्या.

चोवीस अशासाठी की पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक सांध्यावर दोन क्लिपा बसवायच्या, एकीचा स्क्रू एका बाजूला, दुसरीचा समोरच्या बाजूला. एक तुटली तर दुसरी धरते. तोटी आखूड असेल तर दुसरी क्लिप हवेत लोंबते आणि नळी कापते, म्हणून तोटीची लांबीही बघावी लागते. दोन ठिकाणी मिस्त्रींनी तोट्याच बदलल्या. जाम झालेला कॉक त्यांनी खोलून, आतून घासून, ग्रीस भरून पुन्हा बसवला. "महिन्यातून एकदा बंद-उघड करत जा," त्यांनी मामाला सांगितलं, "नाहीतर हा परत झोपेल."

बसवायचं काम मी एकटीने केलं. मामीने घरून पातेल्यात कढत पाणी आणलं. तारेच्या नळीचं टोक त्यात मिनिटभर धरलं की ते सैल होतं. तोटीला साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस अजिबात नाही, ते रबराला खातं आणि नळी पुढे घसरून निघूही शकते. मग एका दमात, पिळत पिळत, तोटीच्या मुळापर्यंत. जमलं की एक हलका धक्का हाताला कळतो. पहिल्या नळीला पाऊण तास लागला, शेवटच्या दोन त्याहून लवकर झाल्या. तळहाताची कातडी दोन ठिकाणी निघाली होती. सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर बोटं ठेवताना ती चुरचुरायची, आणि मला ते आवडत होतं.

पाणी उपसणाऱ्या पंपाची नळी मी सरळ, जवळच्या वाटेने नेली होती. मामाने हाताने चाचपून ती काढायला लावली. बोट मासळीने भरली की खोल बसते. बाहेर फेकायचं तोंड मग पाण्याला टेकतं, आणि पंप बंद असला तर तेच पाणी उलट्या वाटेने आत यायला लागतं. आपण तोंडाने ओढून टाकीतून डिझेल काढतो तसं, एकदा सुरू झालं की आपोआप. म्हणून नळी आधी डेकच्या खालच्या अंगाला उंच न्यायची, तिथे कमान करायची आणि मग बाहेर. मामाला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. त्याच्या तरुणपणी बंदरात नांगरलेली एक बोट रात्रीत अशीच बसली होती, एवढंच तो म्हणाला.

४ ऑगस्टला आषाढी अमावास्या होती. उधाणाच्या भरतीवर, दोरखंड आणि वीस-पंचवीस माणसांच्या खांद्यांनी बोट पाण्यात गेली. सगळे वर होते. मी आधीच खाली जाऊन बसले होते. कोरडं वर्तमानपत्र फाडून मी अकरा नळ्यांच्या प्रत्येक सांध्याखाली एकेक तुकडा पसरून ठेवला होता. एक थेंब जरी पडला तरी कागदावर दिसतो, हे माझं मीच शोधलं होतं.

बोट तरंगल्याचं मला आवाजावरून कळलं. वाळूचा खरखर आवाज थांबला आणि फळ्यांच्या पलीकडून पाणी चुळबुळायला लागलं, माझ्या कानापासून दोन इंचांवर. मी कॉक उघडला. तो सहज फिरला. नळी किंचित हलली, समुद्र आत आला. मिस्त्रींनी इंजिन चालू केलं. वेग वाढवला, आणखी वाढवला. वरून कुणीतरी ओरडलं, "धार जोरात आहे!" मी टॉर्च नळीवर धरून होते. ती गोल होती, गोलच राहिली.

अर्ध्या तासाने मी कागद तपासले. बाकी सगळे सांधे कोरडे. फक्त गाळणीखालच्या कागदावर एक ओला ठिपका, रुपयाच्या नाण्याएवढा. जिभेला लावून पाहिला, खारट. दोन्ही क्लिपांना अर्धा अर्धा आटा दिला, कागद बदलला आणि पुन्हा बसून राहिले. नवा कागद कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी अर्नाळ्याला फोन केला. मामा म्हणाला, "कोरडा आहे. मी बोट फिरवून बघितलं."

१९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेला, मी मुलाला घेऊन गेले. नारळ सोडून झाल्यावर मामा त्याला खाली घेऊन गेला. त्याच्या हातात चार लाकडी खुंट्या होत्या, एका बाजूला निमुळत्या, त्यानेच तासलेल्या. एक त्याने तळच्या कॉकला सुतळीने बांधली, हात घातला की लगेच सापडेल अशी. बाकीच्या मुलाच्या हातात दिल्या.

"नळी गेली, कॉकही गेला, तर ही आत ठोकायची," तो म्हणाला. "आता तू बांध. गाठ मी बघतो."